वंशावळीचा माग : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पूर्वजांच्या शोधाबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. कोणता कागद कुठे मिळेल हे प्रदेशानुसार बदलते, म्हणून प्रश्नकर्त्याचा जिल्हाही दिला आहे.

प्रश्न : पणजोबांचे नाव माहीत आहे, त्यांच्या मागचे कोणालाच ठाऊक नाही. गावी थोडी जमीन अजून आमच्या नावावर आहे. सुरुवात कुठून करावी? (वाचक, सातारा)

जमीन टिकली आहे, तर सुरुवात तिथूनच करा. आजच्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात आकडे दिसतील. ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक. त्यातला सर्वांत जुना आकडा घ्या आणि तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. 'अमुक मयत, वारस मुलगे तीन' असा मजकूर निघाला की एक पिढी कागदावर आली. त्या नोंदीत मागच्या फेरफाराचा माग असतो, तो धरून आणखी मागे जा. वारस नोंदवही (गाव नमुना ६-क) सोबतच पाहा. त्यात मृत्यूची तारीख आणि सर्व वारसांचे मयताशी नाते लिहिलेले असते. फेरफारात कधीकधी फक्त थोरल्याचे नाव येते.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्यामुळे या मार्गाने बहुतेक गावांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांपर्यंत पोहोचता येते.

इथे बहुतेकांची वाट गट नंबरापाशी अडते. आजचा गट नंबर जुन्या दप्तरात सापडणारच नाही, कारण तो जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेतून आला. त्याचा कायदा १९४७ चा. जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा कोणता होता हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर कळते. तो उतारा आधी काढा, मगच जुने फेरफार मागा. नाहीतर 'नोंद आढळत नाही' असे उत्तर घेऊन परतावे लागेल, आणि चूक दप्तराची नसेल.

जमिनीच्या कागदांत दुवा तुटला तर कोतवाल बुक पाहा. हे गावच्या जन्ममृत्यूचे रजिस्टर, गाव नमुना १४. तहसीलच्या अभिलेख कक्षात ते वर्षवार आणि गाववार लावलेले असते. अर्जात गावाचे नाव, वर्षांचा टप्पा (एका वेळी पाच ते दहा वर्षांहून जास्त नको) आणि शोधायच्या माणसाच्या वडिलांचे नाव लिहा. वडिलांचे नाव यासाठी, की जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. बारसे व्हायच्या आधीच नोंद व्हायची, म्हणून 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच लिहून पुढे बापाचे नाव येते. आजोबांचे नाव शोधत पाने उलटणारा माणूस त्यांच्याच जन्माच्या ओळीवरून पुढे निघून जातो. मृत्यूच्या नोंदीत मात्र नाव, वय, जात आणि कारण असते: ताप, देवी, पटकी, प्लेग. वय अंदाजाने सांगितलेले असते. पाच-सात वर्षांचा फरक गृहीत धरा.

एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन पुरुष सर्रास सापडतात, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत. नुसते नाव जुळले म्हणून माणूस जोडू नका. वडिलांचे नाव, भावांची नावे आणि सर्व्हे नंबर, यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्या तरच जोडा.

प्रश्न : कोतवाल बुकाच्या नकला मिळाल्या, पण सगळे मोडीत आहे. वाचून घ्यायचे की शिकायचे? (वाचक, सोलापूर)

कागद पाच-दहाच असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. पुष्कळ असतील तर शिका. कोतवाल बुकापुरती मोडी वाटते तितकी अवघड नाही. प्रत्येक पानावर तेच रकाने, तेच महिने, त्याच जाती आणि तीच आजारांची नावे येतात. आधी आपल्याला ठाऊक असलेले शब्द त्या पानावर शोधा: गावाचे नाव, महिना, आडनाव. त्यांतून त्या लेखकाच्या हातची अक्षरे वेगळ्या कागदावर उतरवून तक्ता तयार करा. छापील मुळाक्षरांपेक्षा हा तक्ता कामाला येतो, कारण दर कुलकर्ण्याचे वळण निराळे.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, म्हणून आडनाव कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते ते संदर्भानेच ठरवावे लागते. काही शब्द पाठ करून टाका. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वलद'ही तेच. 'कोम' किंवा 'भ्रतार' आले की पुढचे नाव नवऱ्याचे. जमिनीच्या कागदात 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन करणार (अल्पवयीन वारसाचा पालक), आणि 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे शेवटचे दोन फार मोलाचे. 'अ.पा.क. आई' अशी नोंद दिसली, तर मुले लहान असताना बाप वारला हे नक्की, आणि त्याच्या मृत्यूची नोंद कोणत्या वर्षांत शोधायची तेही कळते.

सनाची गल्लत सर्वांत महागात पडते. शालिवाहन शकात ७८ मिळवा. तारीख इंग्रजी वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत पडत असेल तर ७९. फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० मिळवा; फसली वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे जानेवारीपासून पुढे, ५९१. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन अरबी शब्दांत असतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात: 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार, अर्थात ११७३, म्हणजे इसवी १७७२-७३. हे वर्ष मृगाला सुरू होते. रूपांतर करून झाले तरी मूळ सन वहीत जसाच्या तसा लिहून ठेवा.

प्रश्न : आमचे आडनाव देशपांडे, पण मूळ वेगळे होते असे ऐकतो. कुळाचा छापील कुलवृत्तांत आहे, त्यात आमची शाखा सतराव्या शतकापर्यंत जोडली आहे. त्यावर विसंबावे का? (वाचक, अहिल्यानगर)

अलीकडच्या तीन-चार पिढ्यांसाठी बहुधा हो. त्यामागच्यांसाठी तपासल्याशिवाय नाही.

देशपांडे, कुलकर्णी, पाटील, देशमुख ही वतनांची नावे. वतन थोरल्या शाखेकडे राहिले, धाकटी शाखा दुसऱ्या गावी गेली आणि तिने गावावरून किंवा मूळचे आडनाव लावले, असे वारंवार झाले आहे. म्हणजे आडनाव एक आणि कुळे वेगळी, किंवा कूळ एक आणि आडनावे तीन, दोन्ही शक्य. जुळवताना गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव आधी धरा, आडनाव नंतर.

कुलवृत्तांताची एक साधी परीक्षा आहे. समजा मूळ पुरुष १६८० चा दाखवला आहे आणि त्याच्यापासून १९०० साली जन्मलेल्या माणसापर्यंत पाचच पिढ्या मोजल्या आहेत. २२० वर्षांत पाच, म्हणजे पिढीमागे ४४ वर्षे. एवढे अंतर सलग पडत नाही. २५ ते ३० वर्षे धरली तर सात ते नऊ पिढ्या हव्यात. तेव्हा मधल्या दोन-चार पिढ्या गळल्या आहेत, किंवा नामवंत पुरुषाशी जोडण्यासाठी उडी मारली आहे. असा सांधा सापडला की तिथे पेन्सिलीने रेघ ओढा. त्याच्या अलीकडचे तुमचे. पलीकडचे सिद्ध होईपर्यंत फक्त शक्यता.

वतनदार घराण्यांना एक वाट आहे जी इतरांना सहसा नसते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला वैधानिक अधिकार मिळाले आणि इनामदार-वतनदारांना आपला हक्क शाबीत करावा लागला. त्यासाठी दिलेल्या कैफियतींत वंशावळ जोडलेली असते. त्या पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तर आहे त्याच ठिकाणी, पाहायला मिळतात. जाण्यापूर्वी गाव आणि त्याचे जुने महसुली विभाग, म्हणजे तर्फ आणि परगणा, पक्के करा. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आडनावाने लावलेले नाहीत. वाचताना एवढे लक्षात ठेवा की ही वंशावळ हक्क टिकवण्यासाठी लिहिली आहे: निपुत्रिक शाखा आणि मुली त्यात बहुधा गळलेल्या असतात, आणि दत्तकाला औरस म्हटलेले असू शकते.

दुसरी वाट तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया इथे यात्रेकरूने स्वतः आपली, भावांची, मुलांची, बाप-आज्याची नावे लिहून किंवा सांगून ठेवलेली असतात. उपाध्याय शोधताना सध्याचे गाव सांगू नका, मूळ गाव सांगा. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर अशा कित्येक वह्यांची छायाचित्रे आहेत, मात्र पाने नावाने शोधता येतीलच असे नाही. गावाच्या मथळ्यावरून उलटावी लागतात. लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेल्या पिढ्या, म्हणजे स्वतःची, बापाची आणि आज्याची, भक्कम समजाव्यात. त्यापुढची नावे त्यालाही ऐकूनच माहीत होती.

प्रश्न : आजोबांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जूनच. हे कसे? (वाचक, बुलढाणा)

शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. दिवस-महिना सोडून द्या, वर्षही एक-दोनने पुढेमागे धरा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली मूळ ओळ मात्र पाहाच. जन्मगाव, वडिलांचे पूर्ण नाव आणि आधीची शाळा तिथे मिळते; घरात जपलेल्या दाखल्यावर यातले सगळे उतरलेले असतेच असे नाही.

प्रश्न : पणजीचे माहेर शोधायचे आहे. सासरचे नाव सोडून काहीच हाती नाही. (वाचक, रत्नागिरी)

पहिले बाळंतपण माहेरी होत असे. म्हणून थोरल्या अपत्याच्या जन्माची नोंद सासरच्या गावी सापडत नसेल तर ती उणीव नाही, तोच धागा आहे. आसपासच्या गावांच्या कोतवाल बुकांत पणजोबांच्या नावाने 'मुलगा' किंवा 'मुलगी' शोधा. वडिलांचे गाव त्या नोंदीत परके म्हणून लिहिलेले असेल, तर ज्या गावाच्या बुकात ती सापडली तेच माहेर असण्याची दाट शक्यता.

दुसरा धागा १९५६ नंतरचा. त्या वर्षीच्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांची वारस झाली, आणि तेव्हापासूनच्या वारस नोंदींत मुली सासरच्या नावाने आणि गावासकट येऊ लागल्या. पणजीचा बाप त्याआधी वारला असेल तर ही नोंद तिच्यासाठी मिळणार नाही, पण तिच्या निपुत्रिक भावाच्या वारसांत तिची मुले सापडू शकतात. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्याही काढा. मामाच्या आहेरापुढे गाव लिहिलेले असते.

आणि जिल्ह्याचे नाव तपासा. तुमच्या जिल्ह्यातून १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला. सावंतवाडीकडचे गाव असेल तर १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत ते संस्थानात होते आणि त्या काळच्या दप्तराची मांडणी निराळी.

प्रश्न : आमचे एक पूर्वज पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले, परतले नाहीत. नाव कुठे मिळेल? (वाचक, सांगली)

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी विनामूल्य शोधता येते. हिंदी सैनिकांच्या पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. आडनावाने शोधू नका. इंग्रजीत शिंदेचे सिंदे आणि सिंदिया, जाधवचे जाधो आणि जादव झालेले असते, आणि कित्येक नोंदींत आडनाव नसतेच. आधी पलटण आणि मृत्यूचे वर्ष घ्या, मग गावाच्या नावाची निरनिराळी इंग्रजी रूपे टाकून पाहा. मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) आघाडीवर १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाल्यावर अनेक जण कैदेत वारले. म्हणून मृत्यूचे वर्ष १९१६ च्या पुढेही पाहा.

बसऱ्याच्या स्मारकभिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत, तिथे पलटणीपुढे आकडाच आहे. छायाचित्रात नाव दिसले नाही म्हणून शोध सोडू नका. नावे यादीत आहेत. सातारा, सांगली, रत्नागिरीकडच्या पुष्कळ गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली आहे: या गावातून महायुद्धाला किती गेले आणि किती कामी आले. त्यावर नावे नसतात, पण कामी आलेल्यांचा आकडा यादीत त्या गावाच्या नावाने निघालेल्या माणसांशी ताडून पाहता येतो.