दोन देशांत विभागलेल्या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्याला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळतं का?

मिळतं. मंगोलिया आणि रशियातला तुवा प्रांत यांच्या सीमेवरचं उव्स नूर सरोवराचं खोरं बघा. 2003 साली युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतलं. अर्थात अख्खं खोरं नव्हे, दोन्हीकडचे मिळून 12 सुटे संरक्षित तुकडे. युनेस्को तिथे पहारा ठेवत नाही. कायदे आणि रखवालदार ज्याचे त्याचे.

सरोवराचं ईशान्येचं टोक तेवढं रशियात, बाकी सगळं मंगोलियात. पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही: नद्या येतात, पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. त्यामुळे माझ्या मते खरी मेख नद्यांची. तेस नदी मंगोलियात उगम पावते, तुवात शिरते आणि पुन्हा मंगोलियात येऊन सरोवराला मिळते. म्हणजे पाणी राखायचं तर दोघांनाही राखावं लागणार.