एचआयव्हीच्या जागतिक कार्यक्रमांत पेशंटच्या मनाचा विचार होतो का?

तुमचा प्रश्न असा की एचआयव्हीसाठी जगभर एवढा पैसा ओततात, त्यात पेशंटच्या मनाकडे कुणी बघतं का. आणि धाकट्या भावाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, तर त्याच्या वाट्याला त्यातलं काय येईल.

कागदावर होतो विचार. प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिकेत 'मनोसामाजिक आधार' नावाचं प्रकरण असतंच. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, अकरा वर्षं काउन्सेलर होते, ते प्रकरण मला पाठ आहे. प्रत्यक्षातलं एका बाईवरून सांगते. लांबेल, पण इलाज नाही.

२०१५ सालची गोष्ट. द्राक्षबागेत रोजानं जाणारी बाई, पस्तिशीची. नवरा आधीच गेलेला. तेव्हा बहुतेकांना टीएलई असायची, तीन औषधांची एकच गोळी, रात्री झोपताना. त्यातला ई म्हणजे एफाव्हिरेन्झ. ज्यांनी घेतलीय त्यांना सांगायला नको. डोकं गरगरतं आणि स्वप्नं पडतात, तीही जागेपणी घडल्यासारखी. बऱ्याच जणांचं दोन-चार आठवड्यांत निवळतं. हिचं निवळेना. मेलेला नवरा रोज रात्री उंबऱ्यावर येऊन बसायचा आणि पाणी मागायचा. सकाळी बागेत गेली की मांडवाखाली भोवळ. मला एवढंच म्हणाली, "मॅडम, लई विचार येत्यात."

आमच्याकडे 'मला डिप्रेशन आलंय' असं म्हणणारं माणूस अकरा वर्षांत मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं भेटलं. डोकं थाऱ्यावर नाही, जीव रमत नाही, लई विचार येत्यात. आजाराचं नाव यातच असतं, ऐकणाऱ्याला कान हवेत.

मी ते घेऊन आमच्या मेडिकल ऑफिसरांकडे गेले. सरांनी पिल काउंट विचारला, म्हणजे उरलेल्या गोळ्यांची मोजणी. तीस गोळ्यांची बाटली, हिशेब चोख. ॲडहेरन्स, म्हणजे गोळ्यांचा नेम, ९५ टक्क्यांच्या वर असला की पेशंट उत्तम. मी म्हटलं, सर, पण स्वप्नांचं काय? हसले आणि म्हणाले, "स्वप्नं कुठल्या कॉलमात लिहू, मॅडम?"

पुढच्या तपासणीत तिचा सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ४१२ वरून १८६ वर आलेला. (व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणू मोजणारी तपासणी, तेव्हा सरसकट होत नव्हता, तो २०१८ पासून सुरू झाला. आधी झाला असता तर भांडं लवकर फुटलं असतं.) त्यानंतर ती यायचीच बंद झाली. फोन बंद. म्हणून मी आणि आमची आउटरीच वर्कर, पेशंटच्या घरी जाणारी कार्यकर्ती, एसटीनं तिच्या गावाला निघालो. ही वर्कर स्वतः पॉझिटिव्ह, शिक्षण नववी. गाडी फाट्यावर वळायच्या आतच ती म्हणाली, "ही गोळ्या टाकतीया."

"अगं, हिशेब तर बरोबर येतो."

"म्हणूनच. माझा पण यायचा."

तिथं चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मी विचारलं असतं तर बाई बोलली नसती. वर्करनं आपल्याला पडायची ती स्वप्नं सांगायला सुरुवात केली आणि मग ही बोलली. रोज रात्री बाटलीतून एक गोळी काढायची आणि चुलीत टाकायची. "तुमच्या हिशेबाला लागती ना, म्हणून एकच टाकायची. दोन कधी न्हाई टाकल्या." मला खूश ठेवायला ती बाई रोज नेमानं एक गोळी जाळत होती. आणि तिच्या पांढऱ्या कार्डावर, सेंटरमधल्या उपचाराच्या नोंदीवर, ९८ टक्के कुणी लिहिले होते? मी. खाली 'समुपदेशन केले' हा शिक्काही मीच मारलेला.

आता तुमच्या 'जागतिक' कडे येते. त्या वर्करचा पगार 'विहान' या एचआयव्हीच्या पेशंटना आधार देणाऱ्या प्रकल्पातून यायचा. तो २०१३ पासून चाललेला, पैसा ग्लोबल फंड या एड्स, टीबी आणि मलेरियासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीचा. म्हणजे जिनिव्हातला पैसा आमच्या तालुक्यात उतरला तो छत्री आणि पिशवी घेतलेल्या या बाईच्या रूपानं. त्या कार्यक्रमातलं मनासाठीचं जे काही काम मी डोळ्यांनी पाहिलं ते तिनं केलं, माझ्या शिक्क्यानं नाही. सर तिच्यासारख्यांना 'चहा पिणाऱ्या बायका' म्हणायचे.

एका ट्रेनिंगमध्ये झिंबाब्वेचं ऐकलं होतं. हरारेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञानं २००६ साली चौदा आज्या हाताशी धरल्या आणि त्यांना दवाखान्याबाहेर लाकडी बाकावर बसवलं. जो येईल त्याचं ऐकून घ्यायचं आणि एका वेळी एकच अडचण सोडवायला मदत करायची. तिथल्या शोना भाषेत या आजाराला शब्द आहे, 'कुफुंगिसिसा'. अर्थ, फार विचार करणं. लई विचार येत्यात, अगदी तेच! पुढे हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर याची रीतसर चाचणी झाली, त्यातले बरेच एचआयव्हीसह जगणारे. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले, आज्यांकडे गेलेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा बराच कमी होता. मी हे उत्साहानं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "त्यांच्याकडे डॉक्टर नाहीत म्हणून आज्या बसवतात." जणू आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञांची रांगच लागली होती.

हीच खोड मोठ्या पातळीवरही आहे. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली, त्यात २००३ पासून चाललेला पेपफार, अमेरिकेचा एचआयव्हीसाठीचा मदत कार्यक्रम, तोही अडकला. मग सवलत आली ती 'जीवरक्षक' गोष्टींना. गोळ्या त्यात बसल्या, पण घरोघरी जाणारे कार्यकर्ते कितीतरी देशांत घरी बसले. आमच्या सरांचाच कॉलम, फक्त वॉशिंग्टनला आखलेला.

भावाला गोळ्यांची काळजी नको. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी मोफत आहे, २०१७ पासून सीडीफोर कितीही असला तरी सुरू करतात आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याचा (२०२१-२६) पैसा केंद्र सरकारचा. नियमित घेतली आणि व्हायरल लोड सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे त्याला आजच सांगा. लग्न, मुलं, सगळं होतं. नोकरीवर कुणी छळलं तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू.

मनासाठी मात्र मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. पण सेंटरला गेल्यावर पहिल्यांदा विचारा, इथं पॉझिटिव्ह असलेला कार्यकर्ता कोण आहे? त्याच्याशी भावाची गाठ घालून द्या आणि तुम्ही बाहेर थांबा. घरी गोळ्या मोजत बसू नका. मोजणाऱ्याला हिशेब मिळतो, मला अकरा वर्षं मिळाला.

आणि हो, हे वाचून कुणी गोळी बंद करायची नाही. एफाव्हिरेन्झवर असंख्य माणसं जगली आहेत. आता बहुतेकांना टीएलडी मिळते, एफाव्हिरेन्झऐवजी डोल्युटेग्राविर असलेली गोळी, तिची अशी स्वप्नं सहसा नसतात. काहींची झोप उडते, तर डॉक्टरांना विचारून सकाळी घ्यायची. त्या बाईची गोळी बदलली, सीडीफोर वर आला, आता तिची तक्रार वजनाची आहे. आमचे सरही वाईट नव्हते, सकाळी दीडशे पेशंट समोर बसलेले असायचे. पण या वादात ते चूकच होते. ते निवृत्त झाले त्या दिवशीही मी त्यांना हेच ऐकवलं, आणि ते पुन्हा कॉलमचंच बोलले.

तिच्या पांढऱ्या कार्डावर समासात मी नंतर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'नवरा उंबऱ्यावर येतो, पाणी मागतो.' माझ्या जागी आलेल्या मुलीनं परवा फोन करून विचारलं, हे काय आहे, खोडू का?