दाखल्यावर नातवाचं नाव कसं चढवायचं?

प्रश्न : आमचा नातू फेब्रुवारी 2024 मधला. सूनबाईचं पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी, माळव्यातल्याच एका लहान गावी झालं. दवाखान्यातून जन्माची नोंद लगेच झाली, पण बारसं व्हायचं होतं, म्हणून दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी राहिली. आता शाळावाले नाव असलेला दाखला मागतात. इंदूर महापालिकेच्या झोन कार्यालयात ‘हे इथे होणार नाही’ म्हणाले. सूनबाईच्या माहेरगावच्या नगर परिषदेत मी अर्ज घेऊन गेले, तर अर्ज न घेताच ‘नंतर या’ म्हणाले. बाहेर बसणारा एक जण म्हणतो, एसडीएमचा, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा, आदेश लागेल, पैसे द्या, करून देतो. काय करावं?
— एक आजी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आजी, त्या बाहेरच्या माणसाला एक पैसाही देऊ नका. जन्माची नोंदच वर्षभर झाली नसेल, तर तसा आदेश लागतो. तुमच्या नातवाची नोंद झालेली आहे, फक्त नाव राहिलंय. ही दोन वेगळी कामं आहेत आणि खिडकीवरची माणसंसुद्धा त्यांची गल्लत करतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा, त्यातलं कलम 14 नेमकं तुमच्यासारख्यांसाठी आहे. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव कळवलं तर शुल्क नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव चढतं. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

झोनवाल्यांनी परत पाठवलं, ते मात्र बरोबर. जन्म जिथे, नोंद तिथे. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते, त्यामुळे ही अडचण कितीतरी घरांत येते.

आणखी एक, अर्ज आई-वडिलांच्या सहीचा हवा. कायद्यात आई-वडील किंवा पालक असंच म्हटलंय. तुम्ही एकट्या गेलात, तर तेवढ्यावरूनही परत पाठवतील.

आता पावतीचं. ‘नंतर या’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्याचा कागद उरत नाही. अर्ज दोन प्रतींत करा. सोबत जुना दाखला आणि आई-वडिलांच्या आधारच्या झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. घेतच नसतील, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. मग 181 वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तारखेसकट तक्रार नोंदवा. काम होण्याआधीच ‘तक्रार बंद करा’ असा फोन आला, तर साफ नाही म्हणा. त्या जिल्ह्याच्या कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक, असते, तिथेही हाच कागद चालतो. रजिस्ट्रारने, म्हणजे जन्मनोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने, लेखी नकार दिला, तर 2023 च्या दुरुस्तीनंतर 30 दिवसांत जिल्हा रजिस्ट्रारकडे अपील करता येतं, आणि त्याचा निकाल 90 दिवसांत द्यावा लागतो.

हे टाळू नका असं मी कळकळीने सांगतो, कारण त्याच दुरुस्तीमुळे 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा दाखलाच धरला जातो. तुमचा नातू त्यांतलाच.

नाव लिहिताना घरात बसून एकदाच ठरवा. मधे वडिलांचं नाव घालायचं की नाही, इंग्रजी स्पेलिंग काय, सगळं. आडनाव वडिलांच्या आधारवर आहे अगदी तसंच द्या. हिंदी कागदांत आपल्या ‘ळ’चा ‘ल’ होतो. वडिलांच्या कागदांवर ‘ल’ असेल, तर मुलाच्याही ‘ल’च राहू द्या, मनाला कितीही लागलं तरी. पुढे समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) आणि आधार जुळवताना एका अक्षरासाठी अडवतात. कोरी जागा भरणं सोपं असतं, छापलेलं नाव बदलायला मात्र पुरावे मागतात. म्हणून नवा दाखला हातात आला की खिडकीपाशीच हिंदी आणि इंग्रजी दोन्ही रकाने सूनबाईंना वाचायला लावा, आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगा.