ऑलिम्पिक नॅशनल पार्कच्या किनाऱ्यावर गुपचूप लग्न करायचंय. आम्ही सिअ‍ॅटलला राहतो. तयारी काय लागेल?

अगदी दोघांतच उरकता येणार नाही. वॉशिंग्टन राज्यात लग्न लावणारी अधिकृत व्यक्ती आणि दोन साक्षीदार लागतातच. फोटोग्राफरला साक्षीदार करा, एक माणूस वाचतो. लग्नाचं लायसन्स सिअ‍ॅटलचं चालेल. ते मिळाल्यावर तीन दिवस थांबायचं आणि 60 दिवसांच्या आत लग्न लावायचं. पार्कचं परमिट वेगळं, ते आधीच मागून ठेवा.

मुहूर्त मात्र पंचांगात नाही, ला पुश या जवळच्या किनारी गावाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. रियाल्टो बीचवर 'होल-इन-द-वॉल' ही खडकाची कमान वाहनतळापासून सुमारे अडीच किलोमीटरवर आहे आणि तिच्यातून फक्त ओहोटीलाच जाता येतं. पाणी चढू लागलं की परतीची वाट अरुंद होते, वर लाटांनी हलणारे प्रचंड ओंडके. नऊवारीत हे जमणार नाही, स्पष्टच सांगतो. चालायचं नसेल तर रुबी बीच बरा, पण तिथे गर्दी असते.

ड्रोनला बंदी आहे. अक्षताही उधळू नका, पक्षी खातात. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस सगळ्यात कमी, तरी सकाळी धुकं असतंच.