डायलिसिसवर असताना माइंडफुलनेसचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की तीन महिन्यांपासून आठवड्यात तीनदा डायलिसिस चालू आहे, समुपदेशक माइंडफुलनेस (आत्ता जे जाणवतंय त्याकडे लक्ष देण्याचा सराव) शिका म्हणतात, पण किडनी गेलेल्या माणसाला डोळे मिटून बसून काय मिळणार?

मला डायलिसिसवर सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी कुणी हे सुचवलं असतं तर मीही चिडले असते. म्हणून आधी स्पष्ट सांगते: याने क्रिएटिनिन उतरत नाही, पोटॅशियम उतरत नाही, एकही सेशन वाचत नाही. तसं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

मला उपयोग झाला तो तहानेच्या बाबतीत. लघवी जवळजवळ बंद झालेली, त्यामुळे प्यायलेला घोट पुढच्या सेशनपर्यंत अंगातच साठतो. मला डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलंय, त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. शनिवारचं सेशन झालं की पुढचं थेट मंगळवारी. एका मे महिन्यात त्या दोन दिवसांत मी हिशोबच सोडला. रात्री फ्रिजसमोर उभी राहून बाटली तोंडाला लावली. मंगळवारी वजन साडेतीन किलोने जास्त. मशीनने पाणी ओढायला सुरुवात केली आणि तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत असे गोळे आले की मी मोठ्याने रडले.

नंतर हळूहळू लक्षात आलं की तहान दोन ठिकाणी लागते. एक घशात. दुसरी डोक्यात: ‘आता जन्मभर हेच, साधं पाणीसुद्धा आपल्या नशिबात नाही.’ बाटलीपर्यंत मला नेत होती ती ही दुसरी. आता मी बर्फाचा लहानसा खडा जिभेवर ठेवते, चावत नाही. (तोही पाऊण लिटरमध्ये मोजायचा.) गार नेमकं कुठे लागतंय, पहिला थेंब कधी सुटतो, कडा कधी गुळगुळीत होतात, एवढंच बघते. मध्येच डोक्यातलं ते सुरू होतं. सुरू झालंय हे ओळखायचं आणि परत जिभेवर यायचं. खडा विरघळेपर्यंत बहुतेक वेळा तहानेची उबळ ओसरते. काही वेळा नाही ओसरत, तेव्हा दिवस जड जातो.

दुसरी जागा फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी शिरेला जोडतात तिथली. तुमच्या हाताला केला असेल तर रोज बोटं ठेवून थरथर तपासायला सांगितलं असेलच. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर आतून लागते तशी बारीक गुरगुर असते ती. मी सकाळी दोन मिनिटं तिथेच थांबते. त्या फुगलेल्या शिरेची मला इतकी लाज वाटायची की सगळे ब्लाउज लांब बाह्यांचे शिवून घेतले होते. आता तो माझाच हात वाटतो. मात्र थरथर लागलीच नाही तर ध्यान वगैरे काही नाही, त्याच क्षणी युनिटला फोन करायचा. गोळे, छातीत दुखणं, दम लागणं यांचंही तसंच. शांतपणे सोसत बसू नका, सिस्टरना हाक मारा.

ही पद्धत मुळात दवाखान्यातच उभी राहिली. 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी असलेल्यांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. मूळ बौद्ध साधनेचं, म्हणून आपल्याकडे लगेच इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचं नाव निघतं. पण तिथलं शिबिर दहा दिवसांचं, आणि आपल्याला दोन-तीन दिवसांनी मशीन लागतं. त्या फंदात पडू नका. मॉन्ट्रियलमध्ये डायलिसिस चालू असतानाच खुर्चीशेजारी बसून शिकवून पाहिलं होतं. रुग्णांना ते झेपलं, नैराश्याच्या मोजमापात मात्र इतरांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. म्हणून नैराश्याचं औषध चालू असेल तर ते यासाठी बंद करू नका. आणि डायलिसिसच सोडून द्यावं असं मनात येत असेल तर ते घरात कुणाला तरी आणि डॉक्टरांना आजच सांगा. मलाही आलं होतं. मी सांगितलं, म्हणूनच मला समुपदेशक मिळाल्या.

तुमच्या समुपदेशकांना विचारून बघा, युनिटमध्ये येऊन शिकवतील का. माझ्या यायच्या, दर मंगळवारी, दुसऱ्या तासाला. पहिल्या तासात माझं सगळं लक्ष सुयांकडेच असायचं.