वेगवेगळ्या विषयांच्या लोकांच्या छोट्या अभ्यास मंडळाचं अध्यक्षपद एप्रिलपासून माझ्याकडे येतंय, नवीन वर्षाची सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की मंडळात इतिहासवाले, वनस्पतीशास्त्रवाले, एकदोन डॉक्टर, रिटायर्ड इंजिनिअर असे सगळे आहेत, दर महिन्याला व्याख्यान होतं, पण ज्याच्या विषयाचं व्याख्यान असेल तेवढेच लोक येतात आणि बाकीचे फिरकत नाहीत. मी नाशिकला अशाच एका लहान मंडळात बरीच वर्षं आहे, मध्यंतरी अध्यक्षपदही सांभाळलंय, म्हणून अगदी कळकळीने सांगतो, बारा महिन्यांचे बारा वक्ते शोधायला लगेच धावू नका. आधी अख्ख्या वर्षासाठी एकच प्रश्न ठरवा, आणि तो असा पाहिजे की मंडळातल्या कुठल्याही एका माणसाला एकट्याने त्याचं पूर्ण उत्तर देता येणार नाही.

आमचं उदाहरण देतो म्हणजे कळेल. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या 10 नंबरच्या लेण्यात नहपान या क्षत्रप (शक) राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, जवळपास 1900 वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने भिक्षूंसाठी 3,000 कार्षापणांची (त्या काळची नाणी) कायम ठेव ठेवल्याचं लिहिलंय, आणि ती नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवलीय. 2,000 एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने, 1,000 दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. आम्ही सगळे तिथे गेलो होतो, मंडळातल्या एक प्राध्यापक मॅडम ओळ वाचून अर्थ सांगत होत्या आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका बाजूला मोबाईलवर हिशोब करत होते. 2,000 वर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला 240. पुढच्याच ओळीत मॅडमनी वाचलं की पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. 20 गुणिले 12, बरोब्बर 240! काका जवळजवळ ओरडलेच, आणि त्यानंतर त्यांनी एकही बैठक चुकवली नाही.

तिथून वर्षाचा प्रश्न ठरला, की त्या काळी गोवर्धनच्या विणकरांना एवढं भांडवल कशासाठी लागत असेल आणि ते एवढं व्याज कसं फेडत असतील. मग आपोआप सगळ्यांना काम मिळालं. वनस्पतीशास्त्रवाल्यांकडे कापूस आणि रंग देणारी झाडं, भूगोलवाल्यांकडे घाटातून सोपारा-कल्याणकडे उतरणारा व्यापार. येवल्याच्या पैठणी विणकरांशी ओळख असलेल्या एका सभासदाने आजच्या मागाचा, सुताचा, उधारीचा खर्च समजावून सांगितला. नाणी जमवणाऱ्यांनी जोगलटेंभीचा साठा मांडला, 1906 साली आपल्याच जिल्ह्यात सापडलेली नहपानाची 13 हजारांवर चांदीची नाणी, त्यातल्या बहुतेकांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा स्वतःचा ठसा मारलेला. एकाच नाण्यावर हरलेला आणि जिंकलेला असे दोन राजे दिसतात हे भिंगातून बघताना आमचे डॉक्टर सभासद अर्धा तास जागचे हलले नव्हते.

तुमच्या गावाचा प्रश्न वेगळा असेल, नदीचा असेल, एखाद्या पिकाचा, जुन्या बाजारपेठेचा, काहीही. पण त्याच्यावर बोलायला दर वेळी दोन वेगळ्या विषयांची माणसं एकत्र बसवा आणि निम्मा वेळ चर्चेला ठेवा, पहिला प्रश्न तिसऱ्याच विषयाच्या माणसाने विचारायचा. हे मात्र अध्यक्षाने कडकपणे पाळायला लागतं, नाहीतर तज्ज्ञ मंडळी आपसातच पारिभाषिक शब्दांत बोलत बसतात आणि मागच्या रांगेतली माणसं हळूच उठून जातात.

तारखांचं थोडक्यात. आमच्याकडे जानेवारी ते एप्रिल द्राक्षवाले सभासद सापडत नाहीत आणि 27 फेब्रुवारीच्या आसपास हॉल मिळणं कठीण, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, सगळं शहर कार्यक्रमात असतं. तुमच्याकडचे असे दिवस आधीच विचारून घ्या.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण टाळू नका. महाराष्ट्रात मंडळ 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं असेल, तर कार्यकारिणी बदलल्यावर कलम 22 प्रमाणे 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती द्यायची असते. तो राहिला की पुढच्या प्रत्येक बदलाला अडचण येते. बँकेत सह्या बदलायला ठरावाची प्रत लागते. 31 मार्चचे हिशोब बंद करून ऑडिटरकडे लवकर द्या. आणि आजीव सभासदांची वर्गणी कायम निधीत टाका, त्याचं फक्त व्याज खर्च करा, उषवदाताची अट छोट्या मंडळांनाही फार उपयोगी आहे, कार्यक्रमासाठी एफडी मोडायचा आग्रह कोणी कितीही धरला तरी ऐकू नका.

सगळ्यात आधी मात्र मावळत्या अध्यक्षांच्या घरी जाऊन निवांत बसा. सभासद रजिस्टर, इतिवृत्ताच्या वह्या, पासबुक, नोंदणीचा कागद त्यांच्यासमोर बघून घ्या, आणि कोण कोणावर रुसून मंडळात यायचा बंद झालाय ते पण विचारा. त्यातल्या दोघातिघांना स्वतः फोन करा, वर्षाचा प्रश्न सांगा आणि त्यांच्या विषयाचा तुकडा त्यांच्याकडेच सोपवा.