काळ्या मातीत मधुमालतीची लाकडी जाळी: आधी खांबाचा पाय

सोलापुरात काळ्या मातीचं अंगण, पश्चिमेच्या भिंतीलगत 6 फूट रुंद, 7 फूट उंच जाळी करायची आहे आणि आधीची दोन पावसाळ्यांत कलली, खांब बुडाशी वाळवीने पोखरले, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या वर्णनावरून जाळी बरोबर होती, चूक खांब थेट मातीत पुरण्यात झाली.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात खांब दरवर्षी थोडा थोडा ढकलला जातो, आणि पहिल्या पावसाचं पाणी भेगेतून थेट त्याच्या बुडाशी जातं. म्हणून लाकूड मातीला टेकूच देऊ नका. प्रत्येक खांबासाठी अडीच फूट खोल, 1 फूट रुंद खड्डा घ्या, तळाशी थोडा रुंद करा. मुरूम आधीच लागला तर त्यात सहा इंच शिरून थांबलात तरी चालेल. 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये 40 मिमीचा, 5 मिमी जाडीचा गॅल्व्हनाइज्ड अँगल, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला L आकाराचा लोखंडी तुकडा, उभा करा: दीड फूट आत, 1 फूट वर. काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून चारी बाजूंनी उतार द्या. सात दिवस ओलं पोतं टाकून पाणी मारा; उन्हाळ्यात यात हयगय झाली की काँक्रीट भुसभुशीत राहतं.

खांब 3 × 3 इंच सागवानाचे, काँक्रीटपासून दोन इंच वर ठेवून अँगलला 10 मिमीच्या दोन बोल्टनी कसा. अँगलच्या दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट, पण वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे आत एकमेकांना अडणार नाहीत. वखारीत पांढरी कड असलेला खांब घेऊ नका. वाळवी तिथूनच सुरू होते, गाभ्याला सहसा उशिरा लागते. ती दोन इंचांची फट फार मोलाची आहे, कारण वाळवीला वर चढायचं तर मातीची नळी करावी लागते आणि ती तिथे डोळ्यांना दिसते.

जाळी जमिनीपासून 1 फूट वर सुरू करा. दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्ट्या, 8 इंचांवर: आडव्या 10, उभ्या 8, सगळ्या 6 फुटी. म्हणजे 108 फूट पट्टी. जोडांना सव्वा इंची 80 स्क्रू, खांबांना दोन इंची 20. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, साध्या खिळ्याचा गंज सागवानावर काळा ओघळ सोडतो. आधी 3 मिमीचं भोक पाडा, नाहीतर पट्टीचं टोक हमखास चिरतं. भिंतीपासून 4 इंच अंतर ठेवून ब्रॅकेट लावा, आणि त्याचं भोक उभं लांबट ठेवा: काळ्या मातीत भिंत आणि खांब एकसारखे खालीवर होत नाहीत.

व्हार्निश नको. इथल्या उन्हात ते तडकतं आणि तडकलेल्या जागी पाणी आत कोंडतं. बेलतेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं तेल, बरं. पहिला हात टर्पेंटाइन निम्मं मिसळून, पुढचे दोन नुसत्या तेलाचे, आणि खांबाचं खालचं टोक रात्रभर तेलात उभं ठेवा. तेलाची चिंधी चोळामोळा करून कधीही टाकू नका, आपोआप पेट घेते. पसरून वाळवा.

वेल पट्ट्यांच्या मागून ओवू नका. मधुमालतीचं खोड अंगठ्याएवढं झालं की पट्टी स्क्रूसकट उचकटतं. समोरूनच ठेवून जुन्या चादरीच्या काठाच्या चिंधीने सैलसर, इंग्रजी आठच्या आकारात बांधा. ठिबकचा ड्रिपर खांबापासून दीड फूट लांब ठेवा. कारलं-दोडक्याला मात्र ही जाडी चालत नाही, त्यांचे तणावे पट्टीला विळखा घालू शकत नाहीत. त्यांच्यासाठी चौकटीत काथ्याची दोरी ताणा.

जानेवारीतली गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा उठली की छाटणी करा. मधुमालतीला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे निर्धास्त निम्म्यावर आणा. लाकूड उघडं पडलेलं असतं, तेव्हाच तेलाचा हात द्या. मग वळवाच्या वाऱ्याआधी, एप्रिलच्या शेवटी, बोल्ट पाना घालून पाहा. लाकूड सुकून आक्रसल्याने प्रत्येक बोल्ट पाव-अर्धा फेरा तरी घेतोच.